वनातील सायकलवाट

नाहूर येथून पश्चिमेकडे पाहिले असता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर हाकेच्या अंतरावर भासतात. मात्र पर्यटकांसाठीचे मुख्य प्रवेशद्वार डोंगरांपलीकडे, बोरिवली येथे आहे. तेथून कान्हेरी लेण्यांपर्यंत सुमारे ६ ते ७ किलोमीटरचा चढणीचा डांबरी रस्ता जातो. शहराच्या रहदारीपासून दूर असलेल्या या रस्त्यावर सायकलस्वारास मोकळा श्वास घेता येतो.

या वनाचे क्षेत्र १०० चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे मुंबईस पाणी पुरविणारे तलाव याच वनात आहेत. झाडांमुळे मातीची धूप थांबते आणि तलावांत गाळ कमी येतो. बिबट्याचेही येथे वास्तव्य आहे.

सायकलीमुळे धूर होत नाही, कर्ण्याचा आवाज होत नाही. तथापि ती निःशब्द असल्यानेच वळणावर वन्यप्राण्याची अचानक गाठ पडू शकते. म्हणून उतारावर वेग आवरावा, रस्ता सोडून झाडीत शिरू नये, आणि बिबट्याचा संचार सायंकाळनंतर वाढत असल्याने दिवस मावळण्यापूर्वी परतावे. शिक्षकांनी सहलीपूर्वीच विद्यार्थ्यांना हे नियम समजावून दिल्यास मुलांची सुरक्षितता व वनाची शांतता, दोन्ही राखली जातील.