निर्वात व एरोजेल उष्णतारोधन

निर्वात उष्णतारोधन आणि एरोजेल उष्णतारोधन या सौर तापक, इमारती इत्यादींमधील उष्णतेची गळती रोखण्याच्या दोन पद्धती आहेत. उष्णतेचे संक्रमण वहन, अभिसरण व प्रारण या तीन मार्गांनी होते. काचतंतू, थर्मोकोल यांसारखी नेहमीची रोधके हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडून अभिसरण थांबवतात. मात्र कोंडलेल्या हवेतून वहन चालूच राहते. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विन आहे. हवेवर विसंबणाऱ्या साध्या रोधकांना या मर्यादेखाली जाता येत नाही.

निर्वात

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्युअर यांनी १८९२ मध्ये दुहेरी भिंतीचे निर्वात पात्र तयार केले. घरोघरी दिसणारा थर्मास हे त्याचेच रूप होय. निर्वातामुळे वहन व अभिसरण जवळजवळ थांबते, प्रारण मात्र थांबत नाही (सूर्याची उष्णता निर्वातातूनच पृथ्वीवर येते). म्हणून थर्मासच्या काचेला चांदीचा मुलामा देतात.

सौर तापकाच्या नळीत एकात एक अशा दोन काचनळ्या असतात. आतील नळीवरचा निवडक लेप सूर्यप्रकाश शोषतो, पण स्वतः अवरक्त प्रारण फारसे बाहेर टाकत नाही. त्यामुळे थंड वाऱ्यातही पाणी तापते. नळीच्या टोकाशी बेरियमचा रुपेरी थर असतो; तो उरलासुरला वायू शोषून घेतो. नळीला बारीक तडा जाऊन हवा आत शिरली की हा थर पांढरा पडतो. नळी निकामी झाल्याची ही खूण कोणालाही ओळखता येते.

गोल नळी वातावरणाचा दाब सहज पेलते. सपाट पेटी मात्र दर चौरस मीटरला सुमारे दहा टनांच्या भाराखाली चेपली जाईल. म्हणून इमारतींसाठीच्या निर्वात फलकात सूक्ष्म सिलिका भुकटीचा दाबलेला गाभा ठेवून त्यावर धातूचा लेप असलेले वेष्टन लावतात. नव्या फलकाची वाहकता ०.००४ इतकी कमी असते. वेष्टनाला छिद्र पडल्यास ती सुमारे ०.०२० पर्यंत चढते. असा फलक जागेवर कापता येत नाही; भिंतीवर तसबीर टांगण्यासाठी ठोकलेला एक खिळाही त्याला पुरेसा ठरतो.

एरोजेल

ओले जेल साधेपणाने वाळवले, तर बाष्पीभवन होणाऱ्या द्रवाचा पृष्ठताण छिद्रांच्या भिंती ओढून घेतो आणि जेल आक्रसते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल किस्लर यांनी द्रवाला दाबाखाली क्रांतिक बिंदूपलीकडे नेले. तेथे द्रव व वायू हा भेदच उरत नाही, त्यामुळे ताणही उरत नाही. १९३१ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले.

मागे उरणाऱ्या सांगाड्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवाच असतो. तरीही त्याची वाहकता ०.०१३ ते ०.०१५, म्हणजे स्थिर हवेपेक्षाही कमी भरते. हवेचा रेणू दोन टकरींच्या दरम्यान सरासरी सुमारे ७० नॅनोमीटर जातो. एरोजेलची बहुतेक छिद्रे याहून लहान असतात. परिणामी रेणू एकमेकांऐवजी भिंतींवरच आदळत राहतात आणि त्यांच्याकडून उष्णता पुढे पोहोचत नाही.

एरोजेल ठिसूळ असल्याने ते तंतूंमध्ये मुरवून त्याच्या पट्ट्या बनवतात. या पट्ट्या कात्रीने कापता येतात आणि खिळ्यानेही निकामी होत नाहीत. अर्धपारदर्शक कण दुहेरी तावदानात भरल्यास उजेड आत येतो, उष्णता मात्र अडते.

महागडे शुष्कन ही यातील मुख्य अडचण आहे. दुसरी अडचण ओलाव्याची: साधे सिलिका एरोजेल पाणी शोषून ढासळते. कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ए. वेंकटेश्वर राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी जलरोधी एरोजेल आणि साध्या वातावरणीय दाबाखालील शुष्कन या दोन्हींवर संशोधन केले आहे.