सुताराच्या मेजाखालचे मळसूत्र

बीड जिल्ह्यातील गावगाड्यात सुताराचे स्थान मोलाचे होते. तिफण, वखर, नांगर आणि बैलगाडी त्याने घडवावी, मोडली तर दुरुस्त करावी आणि सुगीच्या वेळी खळ्यावरून आपले बलुते न्यावे, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. पुढे लोखंडी अवजारे आली, ट्रॅक्टर आला आणि बैलगाडीचे लाकडी चाक मागे पडले. आज गावातील सुताराचा चरितार्थ मुख्यतः दाराखिडक्यांच्या चौकटी, झडपा, कपाटे, पलंग व शाळांची बाके यांवर चालतो. या कामात त्याची स्पर्धा दुसऱ्या गावच्या सुताराशी राहिलेली नाही. ती आहे कारखान्यात तयार होऊन आलेल्या दाराशी. ते दार सारख्या मापाचे व सांधा न दिसणारे असते. गावच्या कारागिराला टिकून राहावयाचे असेल, तर त्याचा सांधाही तितकाच नेमका बसला पाहिजे. या नेमकेपणाला साहाय्य करणारे एक साधे साधन म्हणजे राउटर मेजाखाली बसविण्यात येणारी लिफ्ट.

राउटर आणि त्याचे मेज

राउटर हे विजेवर चालणारे हाताचे यंत्र आहे. त्याच्या मोटारीच्या टोकाला धारदार पाते बसविलेले असते. हे पाते मिनिटाला साधारण दहा ते पंचवीस हजार फेरे घेते आणि लाकडात खाच पाडते, कड गोल करते किंवा नक्षीची किनार काढते. रंधा, पटाशी व किकरे यांनी ज्या कामाला अर्धा दिवस लागत असे, ते काम हे यंत्र थोड्या वेळात करते.

परंतु हातात धरलेले यंत्र लांब व अरुंद पट्टीवर चालविताना डगमगते. म्हणून ते उलटे करून मेजाच्या पाटाखाली टांगतात. पाते पाटातील छिद्रातून वर डोकावते, यंत्र स्थिर राहते आणि लाकूड त्यावरून सरकविले जाते. मागे एक सरळ आधारपट्टी असते. तिला कारागीर फेन्स म्हणतात. पाते आधारपट्टीच्या पुढे किती आले, यावर खाचेची रुंदी किंवा आतील अंतर ठरते. पाते पाटाच्या वर किती आले, यावर खाचेची उंची ठरते.

आधारपट्टी डोळ्यांसमोर असल्याने ती सरकविणे सोपे असते. उंची बदलणे मात्र अवघड. त्यासाठी कारागिराला मेजाखाली वाकावे लागते, एका हाताने मोटारीचे वजन पेलावे लागते, दुसऱ्या हाताने पकड सैल करावी लागते आणि अंदाजाने पाते वर-खाली करावे लागते. पकड आवळताना मोटार पुन्हा किंचित घसरते. या ‘किंचित’चा परिणाम मोठा असतो. तीस मिलिमीटर जाडीच्या झडपेच्या पट्टीत मधोमध खाच पाडावयाची आहे आणि उंची अर्ध्या मिलिमीटरने चुकली, असे समजू. एक पट्टी सुलट व दुसरी उलट लागली, की सांध्याच्या दर्शनी बाजूवर एक मिलिमीटरची पायरी उभी राहते. ती रंध्याने काढावी तर श्रम वाया जातात. सागवान असेल तर लाकूडही वाया जाते.

लिफ्टचे कार्य

लिफ्ट ही मोटार उचलणारी मळसूत्राची रचना होय. मोटार एका कड्यात घट्ट धरलेली असते. हे कडे दोन किंवा अधिक उभ्या दांड्यांवर सरकते आणि मध्ये आटे पाडलेला एक दांडा फिरतो. मेजाच्या वरूनच मूठ घालून हा दांडा फिरविला, की मोटार पात्यासह वर किंवा खाली जाते.

यातील गणित शाळेच्या मुलालाही समजण्यासारखे आहे. दोन आट्यांतील अंतर दोन मिलिमीटर असेल, तर एका पूर्ण फेरीत पाते दोन मिलिमीटर व पाव फेरीत अर्धा मिलिमीटर चढते. इंचाला सोळा आटे असतील, तर दोन फेऱ्यांत इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुतारांच्या परिचयाचे एक ‘सूत’ भरते. अंदाजाची जागा मोजलेल्या फेऱ्या घेतात. काल केलेल्या बारा झडपांसारखी तेरावी झडप आज करावयाची असेल, तर तीच उंची पुन्हा मिळविता येते.

बसविण्याची पद्धत

लिफ्ट कितीही उत्तम असली, तरी ती ज्या मेजात बसते ते मेज सपाट नसेल, तर तिचा उपयोग होत नाही. म्हणून आरंभ मेजापासून करावा. अठरा मिलिमीटरच्या दोन प्लायवूड फळ्या चिकटवून केलेला जाड पाट चांगला. त्याच्या दोन्ही अंगांना सनमायका लावल्यास पावसाळ्यात तो एका बाजूने वाकत नाही. पाटाखाली आडव्या पट्ट्यांचा आधार असावा, म्हणजे मोटारीच्या भाराने तो मध्ये दबत नाही.

लिफ्ट एका धातूच्या जाड तबकाला जोडलेली असते. हे तबक पाटात बुडवून बसवावयाचे असते. तबक पाटावर ठेवून त्याची रेषा आखावी. रेषेला लागून चारही बाजूंनी सरळ पट्ट्या बसवाव्यात आणि त्यांच्या आधाराने राउटरनेच आत पायरी पाडावी. पायरीची खोली तबकाच्या जाडीपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर अधिक ठेवावी. नंतर काठाला बसण्यापुरती जागा राखून मधला भाग करवतीने कापून काढावा. प्रथम पायरी व नंतर छिद्र, हा क्रम सोडू नये. छिद्र आधी पाडले, तर राउटरला टेकावयास जागा उरत नाही.

तबकाच्या कोपऱ्यांजवळ समतल करण्याचे स्क्रू असतात. एक सरळ पोलादी पट्टी दोन्ही कर्णांवर व चारही कडांवर आडवी धरावी आणि तबक व पाट एका पातळीत येईपर्यंत हे स्क्रू थोडे थोडे फिरवावेत. शेवटची कसोटी हाताची आहे. लाकडाची गुळगुळीत पट्टी पाटावरून तबकावर व तबकावरून पाटावर सरकवावी. ती कोठेही अडता कामा नये. त्यानंतर मोटार कड्यात बसवून पकडीत सरळ पोलादी दांडी लावावी आणि गुण्याने ती काटकोनात आहे काय, हे पाहावे. मोटार पूर्ण वर व पूर्ण खाली नेऊन ती कोठे अडत नाही आणि विजेची तार ताणली जात नाही, याची खात्री करावी.

खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासणे आवश्यक आहे. मोटारीच्या अंगाचा व्यास आणि लिफ्टच्या कड्याचा व्यास जुळला पाहिजे. शिवाय काही राउटरची मोटार तिच्या स्प्रिंगच्या बैठकीपासून सुटी होत नाही. असा राउटर कड्याच्या लिफ्टमध्ये बसत नाही. माप न घेता मागविलेली वस्तू कोपऱ्यात पडून राहते. तयार लिफ्ट परवडत नसेल, तर लेथवर काम करणाऱ्या जवळच्या कारागिराकडून आटे पाडलेला दांडा, नट व सरकती फळी यांची साधी लिफ्ट करून घेता येते. दहा मिलिमीटरच्या नेहमीच्या जाड आट्यांच्या दांड्यात एका फेरीला दीड मिलिमीटर उंची मिळते.

जुळवणीची शिस्त

नवशिक्या कारागिराची चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. मळसूत्र व नट यांच्यात थोडी ढिलाई असतेच. त्यामुळे फिरविण्याची दिशा बदलली, की प्रथम ही ढिलाई भरून निघते आणि मगच मोटार हलते. पाते खाली आणून थांबविले, तर मोजलेली फेरी व प्रत्यक्ष उंची यांत फरक पडतो. यावर उपाय सोपा आहे. पाते खाली न्यावयाचे असल्यास ते इच्छित उंचीच्या खाली न्यावे आणि पुन्हा वर चढवून थांबवावे. शेवटची चाल नेहमी वरच्या दिशेने असावी. नंतर अडकण आवळावी आणि त्याच लाकडाच्या तुकड्यावर प्रयोगाची खाच पाडून मोजावी. तुकडा बरोबर उतरल्यावरच खऱ्या मालाला हात घालावा.

मळसूत्राला तेल लावू नये. तेलात भुसा चिकटून त्याचा लगदा होतो. कोरड्या ब्रशाने आटे साफ करून थोडे मेण लावणे पुरेसे असते.

सुरक्षितता

पाते बदलताना वीजजोडणी काढलीच पाहिजे. पात्याचा दांडा पकडीत पूर्ण घालून दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यावा व मग पकड आवळावी. मेजातील पाते वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. म्हणून आधारपट्टी पात्यामागे असताना लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवावे. उलट दिशेने सरकविल्यास पाते लाकूड ओढून घेते आणि त्यामागे बोटेही जातात. पाते व आधारपट्टी यांच्या सापटीत लाकूड कधीही घालू नये. एका वेळी सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा अधिक खोल कापू नये. मोठ्या व्यासाच्या पात्याला वेग कमी ठेवावा. लहान तुकडा हाताने न ढकलता लाकडी दांडीने ढकलावा.

ग्रामीण भागात वीज मध्येच जाते व अकस्मात परत येते. त्या वेळी कारागिराचा हात पात्याजवळ असू शकतो. म्हणून वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही, असा स्विच मेजाच्या पुढच्या बाजूला बसवावा. अर्थिंग अर्थातच हवे. लाकडाच्या भुशाचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये माणसाला कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला आहे. तोंडावर मुखपट्टी व भुसा ओढून घेणारे यंत्र यांची गरज त्यावरून ध्यानी यावी.

योजना आणि जबाबदारी

केंद्र शासनाने 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय असून त्यांत सुतारकामाचा समावेश आहे. योजनेत मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि विनातारण कर्ज यांची तरतूद आहे. कर्जाचा पहिला हप्ता एक लाख रुपयांपर्यंत व दुसरा दोन लाख रुपयांपर्यंत असून कारागिराला व्याज पाच टक्के दराने द्यावे लागते. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. प्रत्यक्ष हत्यार चालविणाऱ्या सुताराचे नाव पुढे जावे, ही सरपंच व सदस्यांची जबाबदारी आहे.

अधिकाऱ्यांचे काम साहाय्य पोचविल्यावर संपत नाही. यंत्र समतल बसले काय, स्विच योग्य आहे काय आणि कारागीर उंची मोजून काम करतो काय, हे पाहिल्यावरच ते साहाय्य सार्थकी लागले असे म्हणता येईल. शिक्षकांनाही येथे वाव आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली असून त्या काळात सुतारासारख्या स्थानिक कारागिरांकडे शिकण्याचा उल्लेख आहे. यंत्र बंद ठेवून, वीजजोडणी काढून, मुलांना मूठ फिरवू द्यावी व पाते किती चढले ते पट्टीने मोजू द्यावे. गुणाकार, अपूर्णांक आणि मळसूत्राचा नियम ती एका दुपारी शिकतील.

धारूर असो वा पाटोदा, गेवराई असो वा अंबाजोगाई, गावच्या सुताराकडे हाताचे कसब पूर्वीपासून आहे. त्या कसबाला मोजमापाची जोड मिळाली, तर गावात घडलेले दार बाहेरून आलेल्या दाराशेजारी उभे राहू शकेल आणि त्याची मजुरी गावातच राहील.