कुष्ठरोग बरा झाल्यावर पुढे काय?

‘डॉक्टर, चार पैसे बाजूला काढले आहेत, कुठे द्यावेत?’ असे वाचक मला विचारतात. मी कुष्ठसेवेचे नाव घेतले की पुष्कळांना नवल वाटते. हा रोग आता संपला ना?

नाही. बहुविध औषधोपचाराने तो सहा ते बारा महिन्यांत बरा होतो व ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. परंतु उपचाराला उशीर झाला तर मज्जातंतू निकामी होतात आणि गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. मग पायात काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते. अशा व्यक्तीला रोग गेल्यावरही मऊ रबराची चप्पल, नियमित मलमपट्टी आणि हाताला काम लागते. संस्थांची गरज पडते ती इथे.

मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या तपोवनात आणि बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवनात हे काम उभे केले. आनंदवनात बऱ्या झालेल्या माणसांनी शेती केली, हातमाग चालवले.

देणगीची पावती अवश्य घ्यावी; जमल्यास संस्था एकदा पाहून यावी. पैसे नसतील तर श्रम द्यावेत. तेही जमत नसेल, तर ओळखीच्या कुणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास त्याला दवाखान्यात घेऊन जावे. संवेदना जाण्यापूर्वी औषध सुरू झाले, तर त्याच्यासाठी देणगी मागण्याची वेळच येत नाही.