ओहारा : क्योतोजवळच्या विहारांच्या गावात एक निवांत दिवस

जपानला जाणारे आपले तरुण बहुधा क्योतो शहरातली मोठी, गर्दीची मंदिरे बघून परततात. हाताशी आणखी एक दिवस असेल तर शहराच्या उत्तरेला डोंगरांच्या कुशीत वसलेल्या ओहारा या गावी जावे. क्योतो स्थानकावरून १७ क्रमांकाची बस साधारण तासाभरात तिथे पोहोचते. भातशेती, भाजीचे मळे, ओढे आणि त्यांच्या मधूनमधून बौद्ध मंदिरे, असे हे गाव आहे.

बसथांब्यापासून दहा-पंधरा मिनिटे चढ चढला की तेंदाई पंथाचे सान्झेन-इन लागते. शेवाळाचा हिरवा गालिचा, उंच देवदार आणि शेवाळातून डोकावणाऱ्या क्षितिगर्भ बोधिसत्त्वाच्या छोट्या हसऱ्या मूर्ती यांसाठी हे मंदिर ओळखले जाते. बागेतल्या लहानशा लाकडी सभागृहात अमिताभ बुद्धांची भव्य मूर्ती आहे. मूर्ती मावावी म्हणून छत होडीच्या तळासारखे वर उचललेले आहे. दोन्ही बाजूंना अवलोकितेश्वर आणि महास्थामप्राप्त हे बोधिसत्त्व गुडघे मुडपून, किंचित पुढे झुकून बसले आहेत. मरणासन्न माणसाला न्यायला ते आत्ता उठतील, असा त्या बसण्याचा अर्थ. ११४८ सालची ही त्रिमूर्ती जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे.

इथे आपल्याला प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी बुद्धांना मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. मग सुखावतीत नेणाऱ्या अमिताभांकडे कसे पाहावे? मूर्ती घडली तो काळ आठवला तर मदत होते. बाराव्या शतकातल्या जपानमध्ये लढाया, आगी आणि दुष्काळ वारंवार येत होते आणि धर्माचा ऱ्हासकाळ सुरू झाला, अशी समजूत पसरली होती. ग्रंथ वाचणे किंवा भिक्खू होणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांना केवळ नामस्मरणाची वाट खुली झाली. ती वाट आपण स्वीकारावी असे नाही. पण ती का निर्माण झाली हे समजून घेणे आणि तिच्यावर श्रद्धा असलेल्यांचा मान राखणे, ही अभ्यासकाची रीत आहे.

ओहाराची दुसरी ओळख म्हणजे शोम्यो, म्हणजे सुरात केलेले सूत्रपठण. हा शब्द संस्कृत ‘शब्दविद्या’चे भाषांतर आहे. भारतातली विद्या चीनमार्गे जपानला गेली, तिथे तिच्या नावाला पठणाचा अर्थ चिकटला. नवव्या शतकात एन्निन या भिक्खूने चीनमधून पठणाची पद्धत आणली आणि पुढे र्योनिन (१०७३–११३२) याने ओहारात तिची घडी बसवली. सान्झेन-इनच्या दोन बाजूंनी वाहणाऱ्या ओढ्यांना र्यो आणि रित्सु ही शोम्योतल्या स्वररचनांची नावे आहेत. वर डोंगरात ‘निःशब्द धबधबा’ आहे. र्योनिन तिथे सराव करीत असताना त्याचा स्वर आणि पाण्याचा आवाज एक झाला व धबधबा ऐकू येईनासा झाला, अशी कथा आहे.

शेजारच्या होसेन-इनमध्ये खांबांच्या चौकटीतून बाग न्याहाळत माचा चहा घेता येतो. समोर सुमारे सातशे वर्षांचा पाइन वृक्ष आहे. आता मान वर करा. छताच्या फळ्या फुशिमी किल्ल्याच्या जमिनीच्या आहेत. १६०० साली तिथे शेकडो सैनिक मेले. त्यांच्या रक्ताचे डाग असलेल्या फळ्यांवर कुणाचा पाय पडू नये आणि त्यांचे स्मरण राहावे, म्हणून त्या छताला लावल्या.

गावाच्या दुसऱ्या टोकाला जाक्को-इन हे भिक्खुणींचे मंदिर आहे. ११८५च्या दान-नो-उरा युद्धात केनरेइमोन-इन या राजमातेचा बालसम्राट मुलगा समुद्रात बुडाला आणि सारे कूळ संपले. ती वाचली, प्रव्रजित झाली आणि इथे राहिली. २००० साली कुणीतरी आग लावल्याने इथले मुख्य सभागृह जळाले. २००५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. क्षितिगर्भाची जुनी मूर्ती होरपळली, पण ती टाकून दिली नाही, वेगळ्या कोठारात जपून ठेवली आहे.

परतताना शिबाझुके घ्यायला विसरू नका. वांगी आणि लाल शिसोची पाने मिठात आंबवून केलेले हे इथले खास लोणचे आहे.

काही गोष्टी पाळाव्यात. सकाळी लवकर निघावे. नोव्हेंबरात पानगळीचे रंग बघायला मोठी गर्दी होते, तेव्हा जमल्यास आठवड्याचा मधला दिवस निवडावा. सभागृहात जोडे काढून जावे, फोटोची मनाई असेल तिथे मोबाइल खिशात ठेवावा. चारही ठिकाणे धावत उरकण्यापेक्षा दोनच बघावीत आणि अमिताभांसमोर दहा मिनिटे शांत बसावे.