लहान भागधारकाचे गाऱ्हाणे

इंग्लंडातील कोणत्याही मध्यम गावी गेले की एक मुख्य रस्ता लागतो. त्याला तेथे 'हाय स्ट्रीट' म्हणतात. आपल्याकडची बाजारपेठच म्हणा ना! किराणा, कापड, औषधे, पोस्ट आणि त्यांच्याच रांगेत तीन-चार मोठ्या बँकांच्या शाखा, असे या रस्त्याचे रूप पिढ्यान् पिढ्या होते. गावच्या माणसाचा पगार तेथे जमा व्हायचा, घराचे कर्ज तेथूनच मिळायचे, आणि चार पैसे शिलकीत पडले म्हणजे त्याच बँकेचे थोडे भाग घेऊन ठेवायचे, अशी रीत होती. बँक म्हणजे भक्कम दगडी इमारत. ती कोठे जाते, असा त्यामागचा विश्वास. हा विश्वास २००७ नंतर कसा हलला, आणि लहान भागधारकाचा राग बँकेइतकाच सरकारवरही का आहे, हे या लेखात आम्ही समजावून देणार आहोत. विषय परदेशचा खरा. पण ज्यांच्या घरी एखाद्या बँकेची पावती किंवा भाग आहेत, अशा प्रत्येकाने तो समजून घ्यावा असा आहे.

प्रथम हा लहान भागधारक आला कोठून ते पाहू. इंग्लंडात 'बिल्डिंग सोसायटी' नावाच्या जुन्या परस्पर संस्था आहेत. सभासदांनी ठेवी ठेवायच्या आणि त्यांतून सभासदांनाच घरासाठी कर्ज द्यायचे, असा त्यांचा सरळ व्यवहार. १९८६ च्या कायद्याने या संस्थांना बँक होण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी थॅचरबाईंच्या सरकारने ब्रिटिश गॅस ही सरकारी कंपनी जनतेला विकली आणि 'सिडला सांगा' अशा जाहिराती देशभर झळकल्या. सिड म्हणजे कोणीही सामान्य माणूस. त्याने आता मालक व्हावे, अशी ती हाक होती. पुढे १९८९ मध्ये ॲबी नॅशनल, १९९७ मध्ये हॅलिफॅक्स, वुलविच आणि नॉर्दर्न रॉक, तर २००० मध्ये ब्रॅडफर्ड अँड बिंग्ली या सोसायट्यांच्या बँका झाल्या. सभासदांच्या हाती फुकट भाग आले. कालपर्यंतचे ठेवीदार आणि कर्जदार एका रात्रीत भागधारक झाले. त्या कायद्याखाली बँक झालेल्या सोसायट्यांपैकी आज एकही स्वतंत्र संस्था म्हणून उरलेली नाही, एवढे येथेच सांगून ठेवतो.

आता ठेवीदार आणि भागधारक यांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. साऱ्या गाऱ्हाण्याचे मूळ त्यात आहे. समजा, एखाद्या बँकेने १०० रुपये कर्जाऊ दिले आहेत. त्यांतले ९५ रुपये ठेवीदारांचे किंवा इतरांकडून उसने आणलेले, आणि ५ रुपये भागधारकांचे. कर्जे वसूल झाली तर ठेवीदाराला ठरलेले व्याज मिळते आणि उरलेला नफा भागधारकाचा. पण १०० पैकी ६ रुपये बुडाले, तर भागधारकांचे पाचही रुपये प्रथम जातात आणि मग ठेवीदाराला झळ लागते. भागधारक हा मालक असल्याने तोट्याचा पहिला मानकरी तोच. हा नियम न्याय्य आहे आणि त्याविरुद्ध कोणा शहाण्या माणसाची तक्रार नाही. तक्रार पुढेच आहे. मालकाला तोटा सोसावा लागतो, तर मग मालकाला विचारतो कोण?

नॉर्दर्न रॉकचे उदाहरण घेऊ. न्यूकॅसल येथील ही बँक ठेवींपेक्षा बाजारातील अल्प मुदतीच्या उसनवारीवर अधिक चालत असे. २००७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील गृहकर्जांचा पेच उभा राहिला आणि हा उसना पैसा मिळेनासा झाला. १३ सप्टेंबर २००७ च्या रात्री, बँक ऑफ इंग्लंडकडे तिने तातडीची मदत मागितल्याची बातमी फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखांपुढे रांगा लागल्या. १८६६ नंतर ब्रिटनमध्ये बँकेवर अशी गर्दी लोटली नव्हती. लोक घाबरले ते उगाच नव्हे. त्या वेळी ठेवींच्या संरक्षणाची पूर्ण हमी पहिल्या २,००० पौंडांपुरती होती, आणि पुढच्या ३३,००० पौंडांना ९० टक्केच. अखेर १७ सप्टेंबरला अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी ठेवींची हमी घेतली तेव्हा रांगा ओसरल्या.

ठेवीदार वाचले. भागधारकांचे काय झाले? २००७ च्या आरंभी १२ पौंडांच्या वर असलेला भाग ९० पेन्सवर आला आणि २२ फेब्रुवारी २००८ रोजी बँक सरकारने ताब्यात घेतली. भरपाई ठरवण्यासाठी स्वतंत्र मूल्यमापक नेमला. पण त्याने काय गृहीत धरायचे ते सरकारने आधीच ठरवून दिले होते. बँकेला सरकारी साहाय्य मिळत नाही आणि ती चालू धंदा म्हणून उभी राहू शकत नाही, असे धरून किंमत काढा, असा तो नियम. अशा हिशेबाने उत्तर शून्य यायचे ते शून्यच आले. भागधारक न्यायालयात गेले; २००९ मध्ये दोन्ही पायऱ्यांवर हरले; २०१२ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयानेही त्यांचा अर्ज दाखल करून घेतला नाही. न्यायालयांचे म्हणणे थोडक्यात असे की, जी किंमत सरकारी पैशामुळे टिकली तिच्यावर भागधारकांचा हक्क सांगता येत नाही.

या निकालात तथ्य आहे हे आम्ही मान्य करतो. करदात्याने खड्ड्यातून गाडी काढायची आणि नफा मात्र मालकाने घ्यायचा, हे कोणालाच पटणार नाही. परंतु भागधारकांचा सवाल वेगळा होता. बँकेची कर्जे बुडीत नसतील आणि अडचण केवळ रोख पैशाची असेल, तर किंमत शून्य कशी? पुढे सरकारने दिलेला पैसा वसूल झाला. २०१५ मध्ये या बँकेकडून आलेली १३ अब्ज पौंडांची गृहकर्जे एका अमेरिकन भांडवली संस्थेने विकत घेतली. ज्यांच्या नावावर शून्य लिहिले गेले, त्यांना हा आकडा वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

मोठ्या बँकांची कथा याहून निराळी नाही. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने एप्रिल २००८ मध्ये आपल्याच भागधारकांकडे आणखी १२ अब्ज पौंड मागितले. भागाची किंमत २०० पेन्स. आपल्या बँकेला हात द्यावा म्हणून पुष्कळांनी बचत त्यात घातली. सहा महिन्यांत सरकारला धावून यावे लागले, आणि पुढे सरकारने या बँकेत एकंदर साडेपंचेचाळीस अब्ज पौंड ओतले. माहितीपत्रक दिशाभूल करणारे होते, असा दावा भागधारकांनी लावला. नऊ वर्षांनी, २०१७ मध्ये, भागामागे ८२ पेन्सवर तडजोड झाली. बँकेने दोष कबूल केला नाही.

लॉइड्सचा प्रकार तर राजकारणाशी अधिकच जवळचा. ही बँक सावध म्हणून प्रसिद्ध; निवृत्त लोक तिच्या लाभांशावर घर चालवीत. सप्टेंबर २००८ मध्ये डबघाईस आलेल्या एचबीओएस बँकेला तिने पदरात घ्यावे असे ठरले, आणि स्पर्धेविषयीचे नियम सरकारने बाजूला सारले. नोव्हेंबरात भागधारकांनी मत दिले खरे. पण पुढ्यात आलेल्या संस्थेची खरी अवस्था आपल्याला सांगितली गेली नव्हती, असे म्हणून सुमारे ५,८०० भागधारकांनी दावा केला. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. मधल्या काळात लाभांश थांबला होता. तो पुन्हा सुरू व्हायला २०१५ साल उजाडले.

आता सरकारविषयीच्या रागाकडे वळू. त्याची कारणे तीन.

पहिले कारण व्याजाचे. मार्च २००९ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने आपला दर अर्ध्या टक्क्यावर आणला. आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी तो ५ टक्के होता. कर्जदार वाचावा, धंदा चालावा, हा हेतू. पण २०,००० पौंडांवर ज्याला ५ टक्क्यांनी वर्षाला १,००० पौंड मिळत, त्याला अर्ध्या टक्क्याने १०० च मिळणार. अशी वर्षे थोडीथोडकी गेली नाहीत. मग ठेवी सोडून भागांकडे वळावे, तर तेथे कराची कात्री. लाभांशावरील करमुक्त मर्यादा २०१६ मध्ये ५,००० पौंड होती. ती २०१८ मध्ये २,०००, २०२३ मध्ये १,००० आणि २०२४ मध्ये ५०० झाली. शिवाय मार्च २०२० च्या अखेरीस, साथीच्या दिवसांत, नियामकांच्या सांगण्यावरून मोठ्या बँकांनी जाहीर झालेले लाभांशही रद्द केले.

दुसरे कारण दिलेल्या शब्दांचे. लॉइड्समधील सरकारी भाग सामान्य लोकांना ५ टक्के सवलतीने विकू, लहान अर्जांना आधी मान देऊ, असे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केले. जानेवारीत विक्री लांबली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या अर्थमंत्र्यांनी ती रद्दच केली. २०२३ मध्ये पुन्हा नॅटवेस्टचे भाग जनतेला विकण्याची घोषणा झाली; जुन्या सिडची आठवणही काढली गेली. जुलै २०२४ मध्ये नव्या मजूर सरकारने, सवलतीचा भुर्दंड करदात्यावर पडेल म्हणून, तीही सोडून दिली. सरकारचे उरलेले भाग बाजारात विकले गेले आणि शेवटचा भाग मे २०२५ मध्ये गेला. दोन पक्षांची सरकारे, दोन घोषणा, आणि सामान्य माणसाच्या हाती दोन्ही वेळा काही नाही!

तिसरे कारण सहसा कोणी बोलत नाही, पण आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पूर्वी भागाचा कागद घरी यायचा आणि कंपनीच्या नोंदवहीत तुमचे नाव असायचे. आज ब्रिटनमध्ये बहुतेक लहान भागधारकांचे भाग दलालाच्या नामधारी कंपनीच्या नावावर असतात. करसवलतीच्या बचत खात्यात भाग घ्यायचे तर ते तसेच ठेवावे लागतात. नोंदवहीत नाव दलालाच्या कंपनीचे; म्हणून कायद्याने मतही तिचेच. सभेला जायचे, प्रश्न विचारायचा, तर दलालाने तजवीज केली पाहिजे. १९६३ मध्ये ब्रिटिश कंपन्यांचे ५४ टक्के भाग व्यक्तींच्या हाती होते. २०२२ मध्ये ते प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर आले. अशा वेळी लहान माणसाचा आवाज दुहेरी क्षीण होतो. एक तर त्याचा वाटा लहान, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर. तोट्याच्या दिवशी मात्र तो मालक असतो.

आपल्याकडे काय? या बाबतीत आपला कायदा बरा आहे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानुसार डीमॅट खात्यातील भागांचा मताचा आणि लाभांशाचा हक्क खातेदाराचाच. पण तोट्याचा नियम येथेही तोच. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली तेव्हा भागधारकांचे भांडवल पूर्ण पुसले गेले. ठेवीदारांनीही कमी सोसलेले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईच्या ठेवीदारांना प्रथम फक्त १,००० रुपये काढता येत होते. ठेवीचा विमा आपल्याकडे १९६२ पासून आहे. प्रारंभी त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि तेथेच जवळजवळ २७ वर्षे राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याचे बंधन आले. ब्रिटनमध्येही रांगांनंतरच हमी वाढली. २०१० च्या अखेरीस ती ८५,००० पौंड झाली आणि डिसेंबर २०२५ पासून १,२०,००० पौंड झाली आहे. आधी माणसे रस्त्यावर येतात आणि मग कायदा जागा होतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच.

मग सामान्य माणसाने करावे काय? तीन गोष्टी सुचवतो. बँकेचा भाग म्हणजे मुदतीची ठेव नव्हे, हे घरातल्या सर्वांना समजावून द्यावे. ज्या पैशावर म्हातारपण काढायचे तो एकाच बँकेच्या भागांत कधीही गुंतवू नये. ठेव एका बँकेत विम्याच्या मर्यादेपलीकडे जात असेल, तर ती वाटून ठेवावी. आणि ही मर्यादा मुद्दल व व्याज धरून मोजतात, हे विसरू नये. आणि मताची सूचना आली की ती न वाचता टाकून देऊ नये. एकट्याच्या मताने काही होत नाही, हे खरे. पण लॉइड्स आणि रॉयल बँकेच्या लहान भागधारकांनी पुढे एकत्र येऊन जी वर्षानुवर्षे झुंज दिली, तिचा दहावा हिस्सा जागरूकता सर्वांनी आधी दाखवली असती, तर संचालकांना काही प्रश्नांची उत्तरे वेळेवर द्यावी लागली असती.

सरकारकडेही एक मागणे आहे, आणि ते भरपाईचे नाही. तोटा मालकाने सोसावा हा नियम तुम्ही ठेवा. पण मालकाला हिशेब खरा दाखवा, त्याचे मत त्याच्या हाती ठेवा, आणि जी योजना पार पाडायची नाही ती जाहीर करू नका. यात खजिन्यातून एक पैसाही जात नाही.