आठ लाख डॉलर, पण आले कुठून?

गुंतवणुकीच्या बदल्यात ग्रीन कार्ड देणाऱ्या अमेरिकेच्या ईबी-५ व्हिसाची चौकशी करणारा आधी आकडा विचारतो. १९९० च्या कायद्याने आलेल्या या योजनेत आज साडेदहा लाख डॉलर गुंतवावे लागतात; ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात आठ लाख पुरतात. प्रत्येक गुंतवणुकीमागे १० पूर्णवेळ नोकऱ्या दाखवाव्या लागतात. अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणाऱ्या सरकारमान्य ‘रीजनल सेंटर’च्या प्रकल्पात अप्रत्यक्ष नोकऱ्याही धरतात, म्हणून स्वतः धंदा थाटण्यापेक्षा बहुतेकांचा ओढा तिकडे असतो.

माझ्या मते खरी परीक्षा रकमेची नाही, तिच्या वंशावळीची आहे. पुण्यातला फ्लॅट विकून पैसे उभे केले? मग विक्रीचा नोंदणीकृत दस्त, भांडवली नफ्यावर भरलेला कर, बँकेची स्टेटमेंट, आणि तो फ्लॅट मुळात कोणत्या पैशांनी घेतला तेही. व्यवहारात काही रक्कम ‘ब्लॅक’मध्ये घेतली असेल, तर ती इथे निरुपयोगी. वडिलांनी पैसे दिले तर बक्षीसपत्र लागतं, शिवाय वडिलांच्या कमाईचाही असाच माग काढून द्यावा लागतो.

मग पैसे पाठवायचे कसे? रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी मर्यादा आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. म्हणून नवरा-बायको काही रक्कम मार्चअखेर आणि उरलेली एप्रिलमध्ये पाठवतात. दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते; तो पुढे आयकरात वळता होतो, पण तोवर अडकून राहतो.

रीजनल सेंटरमधला गुंतवणूकदार आय-५२६ई अर्ज भरतो. अनारक्षित गटात भारतीयांची रांग आहे. ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के व्हिसा राखीव आहेत आणि त्यांचे अर्ज आधी हाती घेतले जातात. व्हिसा उपलब्ध असेल, तर एच-१बीवर अमेरिकेतच असलेल्याला ग्रीन कार्डाचा अर्जही सोबतच करता येतो.

पैसे परत मिळण्याची हमी मात्र कुणीच देऊ शकत नाही. गुंतवणूक जोखमीत असणं ही कायद्याचीच अट आहे. व्हरमाँटमधल्या जे पीक रिसॉर्टच्या प्रवर्तकांवर २०१६ मध्ये अमेरिकी बाजार नियामकाने फसवणुकीचा दावा लावला, तो याच योजनेतल्या पैशांबद्दल. प्रकल्पाचे हिशेब स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावेत, दलालाच्या वकिलाकडून नव्हे.

मंजुरीनंतर जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांसह मिळतं ते दोन वर्षांचं सशर्त कार्ड. ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-८२९ भरून नोकऱ्यांचा पुरावा दिला, आणि तो मान्य झाला, की अट निघते.