सुटकेचं समाधान

बाळंतपण नीट पार पडलं की आपल्याकडे ‘सुखरूप सुटली’ म्हणतात. रुग्णालयात अभिप्रायाचा कागद बहुधा याच सुटकेच्या भरात पुढे येतो. बाळ मांडीवर, सासूबाई पिशव्या भरताहेत, डिस्चार्जचा कागद अजून सिस्टरच्या हातात. अशा वेळी ‘सेवेबद्दल समाधानी आहात का?’ विचारलं तर बाळंतीण ‘हो’च म्हणणार. या ‘हो’ला वजनही आहे. केंद्राच्या २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षाचा दर्जा ठरवताना किमान ८० टक्के लाभार्थी समाधानी असावेत, अशी अपेक्षा आहे. पण त्या टक्क्यांत सेवेचं समाधान किती आणि जिवावरचं टळल्याचं किती, याची फोड होत नाही.

संशोधक एलेन हॉडनेट यांनी २००२मध्ये तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा समाधान ठरवणाऱ्या चार गोष्टी वर आल्या: बाईच्या स्वतःच्या अपेक्षा, मिळालेला आधार, सेवा देणाऱ्यांशी नातं आणि निर्णयातला सहभाग. यातली पहिलीच गोष्ट मापाला दगा देते. लेबर रूममध्ये ओरडा खावाच लागतो असं जी ऐकत आली, ती ओरडा कमी बसला तरी समाधानी. म्हणून ‘कसं वाटलं’च्या आधी ‘काय घडलं’ हे विचारायला हवं: तपासण्याआधी परवानगी घेतली का, औषध कशाचं ते सांगितलं का, कळा येताना सोबतीला कुणाला थांबू दिलं का. केनियात तयार झालेली आणि पुढे भारतातही पडताळलेली सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेची प्रश्नावली असेच प्रश्न विचारते.

हे प्रश्न काही दिवसांनी, घरी जाऊन विचारावेत. मग आठवणीवर किती विसंबायचं, ही शंका रास्त आहे. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरियातल्या २०१९च्या अभ्यासात निरीक्षकांनी प्रसूती प्रत्यक्ष पाहिल्या, शिवाय बाळंतिणींना आठ आठवड्यांच्या आत विचारलं. दोन्ही वाटांनी गैरवागणुकीचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्तच निघालं. ‘दोन जीव वाचले, आणखी काय हवं?’ हा आक्षेप जुना आहे. महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत असताना तेवढ्यावर थांबणं म्हणजे निम्मंच काम मोजणं. घरी जाऊन विचारायला माणसं कुठून आणायची, हा आक्षेप मात्र खरा आहे. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी जातातच; पण अनेकदा त्यांनीच बाळंतिणीला दवाखान्यात नेलेलं असतं. तेव्हा वेळ त्या भेटीची घ्यावी, विचारणारी व्यक्ती मात्र त्या दवाखान्याशी लागेबांधे नसलेली असावी. सुटकेचा भर ओसरल्यावर बाई जे सांगेल, ते सेवेचं खरं माप.